दीड माणसाला फ्लू

विषय निघाला बंड्याच्या खोकल्यावरून. अमृततुल्यासमोरच्या कट्ट्यावर तो तीनदा खोकला आणि विन्या हळूच सरकला.

"सरकतोस काय? २००९ ला पण असंच केलं होतं सगळ्यांनी. पुण्यात स्वाइन फ्लू, पुण्यात स्वाइन फ्लू! पेपरातले आकडे काढून बघ. नुसता बागुलबुवा."

देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, ३ ऑगस्टला. मग शाळा बंद, थिएटरं बंद, मेडिकलमध्ये मास्क मिळेनात, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. बंड्याला सगळं आठवत होतं. त्याचा राग फक्त आकड्यांवर.

मन्याची अर्धी नोकरी लॅबमध्ये गेलेली. "पेपरातला आकडा आजाऱ्यांचा नव्हताच. तपासलेल्यांतले पॉझिटिव्ह, बस. पुढे तर सरकारनंच गट पाडले आणि साध्या तापाला टेस्ट नको म्हणून सांगितलं. फ्लू वाढतोय आणि मोजणी आखडतेय. तुला आला होता ना ताप?"

"चार दिवस. गोळी घेऊन झोपलो."

"मग तू त्या आकड्यात नाहीस. जगभरात लॅबनं पक्के केलेले मृत्यू साडेअठरा हजार. नंतर अभ्यासकांनी पहिल्या वर्षाचा अंदाज बांधला, दीड लाख ते पावणेसहा लाख."

"दीड ते पावणेसहा?" विन्या इंटिरियरची कामं घेतो. "असं एस्टिमेट दिलं तर गिऱ्हाईक जोड्यानं मारेल मला!"

खरं सांगायचं तर मीही विन्याच्या बाजूचा होतो. मन्यानं मग दुसरं टोक धरलं. एक आजारी किती जणांना देतो ते बघा म्हणाला. गोवरात बारा ते अठरा. या फ्लूत साधारण दीड.

"अर्धा माणूस कसा आजारी पडतो रे?"

"दोघांनी मिळून तिघांना दिला. एका फेरीला तीनेक दिवस धर. महिन्यात दहा फेऱ्या. एकाचे किती?"

विन्यानं मोबाइलवर दीडला दीडनं गुणत नेलं. अठ्ठावन्नच्या जवळ आलं. तो पुन्हा थोडा सरकला.

"मग सगळेच झोपायला हवे होते," बंड्या.

"नाही. तिघांतल्या एकाला होऊन गेला की दीडाचा एक होतो, साथ चढायची थांबते. पण थांबते म्हणजे कात्रजचा घाट उतरताना रेस सोडल्यासारखं, गाडी पुढे जातेच. कागदावरचं गणित निम्म्याहून जास्त लोकांपर्यंत जातं. प्रत्यक्षात सगळे सारखे मिसळत नाहीत. पोरं शाळेत एकमेकांच्या अंगावर, आजोबा गॅलरीत."

"पण झाला कुणाला, ते कळणार कसं?"

इथे मन्या खुलला. चहाचा ग्लास खाली ठेवून त्यानं तळहातावर बोटानं खळगे काढले. रक्तातलं सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं पाणी, दहापट पातळ करायचं, मग वीसपट, चाळीसपट, असं दुप्पट करत जायचं. प्रत्येक खळग्यात विषाणू आणि कोंबडी किंवा टर्कीच्या लाल पेशी. अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, नसेल तर विषाणू पेशींना जखडतो आणि खळगाभर फिकट जाळं पसरतं. अँटिबॉडी असेल तर पेशी सुटतात, तळाशी कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका बसतो. चाळीसच्या खळग्यातही टिकली बसली, तर सहसा झाला होता असं धरतात.

"सहसा?"

"साठीपुढच्या बऱ्याच जणांच्या रक्तात अँटिबॉडी साथीआधीपासूनच होती, जुन्या फ्लूची. म्हणून आधीची, फ्रीजरमधली सीरमं पण लागतात तुलना करायला. आपल्या विषाणू संस्थेनं पुण्यात अशी तपासणी केली, त्यात शाळकरी पोरं पुढे होती."

बंड्या बराच वेळ गप्प. मग बाही वर करून म्हणाला, "आता माझं काढलं तर कळेल? तेव्हा झाला होता की नाही?"

"आता नाही. तोच विषाणू नंतर दरवर्षीचा फ्लू होऊन राहिला. तुझी टिकली कुठल्या सालची, कोण सांगणार? तेव्हाच, बरा झाल्यावर महिन्याभरात नळी भरायला हवी होती."

"तेव्हा आले होते कॉलनीत रक्त मागायला," बंड्या म्हणाला. "मी बाथरूममध्ये जाऊन बसलो होतो."