ऐच्छिक

शाळेच्या ग्रुपवर निरोप आला की मी आधी शेवटची ओळ वाचतो. वर काय, 'इयत्ता चौथीची शैक्षणिक सहल. शिवनेरी, ओझर, खोडद. शुल्क रु. १,४५०.' खरी मेख खाली असते : 'सहल ऐच्छिक आहे.'

'सक्तीचे' या शब्दाला मी भीत नाही. सक्ती असली की माणूस चार शिव्या मनात घालतो, पैसे भरतो आणि मोकळा होतो. 'ऐच्छिक' म्हटलं की आपली इच्छा नाही हे चारचौघांत सांगावं लागतं. तेही अंगठे यायच्या आत. आणि आमच्या ग्रुपवर अंगठे असे येतात की जणू फुकट काही वाटतायत. पहिल्या दहा मिनिटांत एकोणीस. विसावा अंगठा आमच्याच घरून गेला, स्वयंपाकघरातून. मी तेव्हा दाढी करत होतो.

यात विनोद असा की मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे. थकबाकीदाराच्या ओसरीवर बसून, त्याच्याच घरचा चहा पिऊन त्याच्याकडून हप्ता काढण्यात माझी हयात गेली. पण टीचरनी 'सईचे बाबा, तुमचं राहिलंय' एवढं म्हटलं की माझ्याच घशाला कोरड पडते.

शिवनेरीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्यात राहायचंय मला. चौथीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे सबंध शिवचरित्र. पोरांनी जन्मस्थान बघायलाच हवं. माझं म्हणणं फक्त बसबद्दल होतं. ते मी पालकसभेत मांडलंही. म्हटलं, शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. आम्ही लहानपणी लाल डब्यातूनच प्रतापगड पाहिला. पस्तीस रुपये वर्गणी होती आणि तेही वडिलांनी गुरुजींना दोन हप्त्यांत दिले होते. सभेत शांतता पसरली. मला वाटलं, मुद्दा पोचला. मग मागच्या बाकावरच्या एक ताई म्हणाल्या, "त्यात एसी असतो का?"

ठराव बारगळला. हिने घरी येईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं होतं. हप्त्यांचं सांगायची काय गरज होती, हा तिचा मुद्दा.

सहल हे एक झालं. आमच्या घरात ऐच्छिक गोष्टींची रांगच आहे. कराटे ऐच्छिक. पांढरा पट्टा, पिवळा पट्टा, नारिंगी पट्टा असं करत पोरगी वर चढते. दर पट्ट्याला परीक्षा, परीक्षेला फी, प्रमाणपत्राला वेगळी फी. तिच्या कमरेच्या पट्ट्याचा रंग बदलतो, माझा पट्टा एकेक भोक आत जातो. अबॅकस ऐच्छिक. त्याची वर्षाची फी किती झाली हे मी तिला मण्यांवर मोजायला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, एवढ्या मोठ्या बेरजा पुढच्या लेव्हलला." पुढच्या लेव्हलचे साडेतीन हजार.

आणि गॅदरिंग. गेल्या वर्षी ती जंगलाच्या नाचात झाड होती. झाड म्हणजे मागे उभं राहून हात हलवायचे. ड्रेपरीवाल्याकडे झाडाचं भाडं साडेतीनशे, डिपॉझिट पाचशे. नाच संपल्यावर झाड परत द्यायला गेलो. त्या माणसाने ते काउंटरवर पसरलं आणि एकेक पान मोजलं. एक पान कमी. पन्नास रुपये कापले. म्हटलं, अहो, डिसेंबर चाललाय, पानगळ व्हायचीच. तो हसला, पण पन्नास दिले नाहीत. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आमच्या संस्थेत असा एक हवा.

तर सहल. पैसे भरले म्हणजे सहल झाली असं नवख्या पालकाला वाटतं. ते नुसतं लग्नाच्या हॉलचं भाडं असतं. दुसऱ्या दिवशी सूचना : पांढरी टोपी आवश्यक. घरात चार टोप्या. एक निळी, एक वाढदिवसाची, एक कोणत्या तरी उमेदवाराची आणि एक माझी माकडटोपी. एकशेऐंशीची नवी आणली. रात्री वहीत मांडताना सहज बेरीज केली : चौदाशे पन्नास अधिक एकशेऐंशी, सोळाशे तीस. शिवजन्माचं साल! मी सईला ओरडून बोलावलं. तिला १६३० हे साल जे पाठ झालंय ते जन्मात विसरणार नाही. सहलीची सगळ्यात ठोस शैक्षणिक कमाई ही, आणि ती बस सुटायच्या आठ दिवस आधीच झाली होती.

पुढे बेरजेने पेशवाई गाठली आणि तीही ओलांडली. बूट घसरतात म्हणून बूट. ऊन लागेल म्हणून क्रीम; डिसेंबरातलं ऊन, तेही पहाटे पाचला निघणाऱ्या पोरीला. खाऊ 'कोरडा असावा' म्हणून आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करायला घेतली, तर सई म्हणाली, "आजी, दशमी कोणी एक्स्चेंज करत नाही." बसमध्ये खाऊचा बाजार भरतो आणि त्यात दशमीला भाव नाही. म्हणजे ज्याला भाव आहे असा तीनशे दहा रुपयांचा खाऊ आला. दशम्या मी आठवडाभर डब्यात नेल्या.

अशात एक सूचना आली आणि माझे डोळे चमकले. 'दोन पालक स्वयंसेवक हवेत. शुल्क नाही. ऐच्छिक.' म्हटलं, आता बघा! एक पावती, दोन माणसं. माणशी खर्च सातशे पंचवीसवर आला. आयुष्यात प्रथमच अंगठा मी टाकला. हिने शांतपणे विचारलं, "आणि रजा?" किरकोळ रजेचं मी धरलंच नव्हतं.

सहलीचं वर्णन लांबवत नाही. राजगुरुनगर यायच्या आत तिघांना बस लागली. स्वयंसेवक म्हणजे पिशवी धरणारा, हे तेव्हा कळलं. दुसरे स्वयंसेवक खिडकीशी झोपले होते. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या अजस्र तबकड्या पाहिल्या. अशा तीस आहेत आणि ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात, असं तिथले साहेब जीव तोडून सांगत होते. सांगून झाल्यावर 'काही शंका?' म्हणाले. एकाने हात वर केला. "महिन्याचा रिचार्ज केवढ्याचा?" माझ्या मनात तेच आलं होतं.

शिवनेरीच्या पायऱ्या लागल्या आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. शाळेचा नियम होता, शंभरपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. पोरांनी ते शंभर ओझरलाच, देवळाबाहेरच्या दुकानांत, विघ्नहर्त्याच्या साक्षीने उडवले होते. आता गडाच्या वाटेवर बोरं, आवळे, मीठ-मसाला लावलेली काकडी, ताक. सात दरवाजे आहेत शिवनेरीला. तिसऱ्यापाशी एक बारका पोरगा माझ्या शेजारी येऊन चालू लागला.

"काका, दहा रुपये आहेत? सोमवारी देतो."

मी गमतीने म्हटलं, "जामीनदार कोण?"

त्याने मागे न बघता एकाची कॉलर धरून त्याला पुढे ओढला. "हा."

धंद्याची सवय. खिशातून वही काढली, नाव लिहिलं, रक्कम लिहिली, जामीनदाराची सही घेतली. हीच चूक झाली. तोंडी दिले असते तर दहा रुपयांत भागलं असतं. वही बघून पोरांना वाटलं, ही शाळेचीच काही सोय आहे. पाचव्या दरवाजापर्यंत माझ्यामागे रांग लागली. शिवाईच्या देवळापाशी मी सुट्टे घ्यायला काकडीवाल्या मावशींकडे गेलो. त्यांनी शंभराची मोड दिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, जरा दमानं वाटा. माझ्याकडच्या काकड्या संपत आल्या."

जन्मस्थानाच्या इमारतीत पोरं गप्प झाली, हे मात्र खरं. आत तो पाळणा, वर एवढीशी खोली. मघाचा तो बारका पोरगा बोरं खिशात टाकून, टोपी काढून उभा राहिला. मीही वही खिशात घातली. दोन मिनिटं कोणाचंच कोणाकडे काही येणं नव्हतं.

मग पायथ्याशी उतरलो. तिथे प्लास्टिकच्या तलवारी, कट्यारी आणि ढाली लटकत होत्या. अर्ज पुन्हा सुरू झाले. मी मर्यादा घातली, माणशी चाळीस. सई मागायला एकदाही आली नाही. बाजूला उभी राहून शहाण्यासारखी बघत होती. मला भरून आलं. एवढ्या पोरांत माझ्या पोरीला तेवढी पैशाची किंमत कळते.

परतीच्या बसमध्ये हिशोब केला. कर्जदार तेवीस, येणं सहाशे ऐंशी. मी उभा राहून जाहीर केलं, की सगळ्यांनी सोमवारी आठवणीने आणून द्यायचे. मागून आवाज आला, "काका, ऐच्छिक आहे का?" टीचर खिडकीबाहेर बघून हसत होत्या.

सोमवारी वसुलीला सुरुवात केली. ग्रुपवर टाकतो म्हटलं तर हिने फोनच काढून घेतला. "दहा रुपयांसाठी नावं लावणार लोकांची?" लाखांच्या थकबाकीला आम्ही पेपरात नोटीस देतो, इथे दहाला तोंड उघडायची चोरी. एका मुलीच्या आईने आपण होऊन वीस रुपये पाठवले, वर दोन हात जोडलेले. एकाने खोडरबराच्या डबीत दहा रुपयांची चिल्लर पाठवली. एकाने रोख नाही म्हणून दोन स्टिकर दिले. ते मी तडजोड म्हणून मिटवले. आठवड्याअखेर जमा झाले दोनशे दहा.

रविवारी पलंगाखालून झाडू मारताना काहीतरी खडखडलं. ओढून काढलं तर कट्यार. सोनेरी मूठ, म्यानासकट.

"ही कुठून आली?"

सई जमिनीकडे बघत होती. "पायथ्याशी घेतली."

"पैसे?"

"तुम्हीच दिले. अर्णवच्या नावावर."

वीस वर्षांत बेनामी कर्जाची तीन प्रकरणं मी स्वतः पकडली आहेत. वही काढली. अर्णव, चाळीस रुपये. जामीनदाराच्या रकान्यात गोल अक्षरात सही : सई. माझ्या डोळ्यांदेखत केलेली.

"मला का नाही मागितले?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात. अर्णवला नाही म्हणत नव्हता."

आई आतून म्हणाली, "मी देते रे तिचे चाळीस, पोरीला बोलू नकोस." मी म्हटलं, असं चालत नाही, कर्ज ज्याने उचललं त्यानेच फेडायचं. सईने मान डोलावली, कट्यार म्यानात घातली आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"बाबा, हप्ते चालतील? आजोबांना दोन दिले होते ना गुरुजींनी?"