बेपत्ता जवानाच्या घरी जाताना

युद्धात जवान बेपत्ता झाल्याचं कळलं की तासाभरात आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडू लागते. हात जोडून सांगतो, थांबा. सैन्याने 'बेपत्ता' कळवलंय. त्या घरात सुतक नाही.

'येतील हो वहिनी, काळजी नका करू' हेही नको. जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी कार्ड लिहू द्यायला हवं. तरीही जुन्या युद्धांतले 54 जण पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं आपलं सरकार मानतं आणि पाकिस्तान ते नाकारतं. 2007 मध्ये नातेवाईक तिथले तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. रोहतांगजवळ 1968 मध्ये हरवलेल्या विमानातले चार मृतदेह 2024 मध्ये सापडले, 56 वर्षांनी. दिलासा कशाच्या जोरावर देणार?

'काही कळलं का?' असं रोज विचारलं की त्या बाईला दिवसातून वीसदा 'नाही' म्हणावं लागतं. चौकशा एका दिराने किंवा शेजाऱ्याने अंगावर घ्याव्यात. 'काही लागलं तर सांगा' म्हटल्यावर कुणी सांगत नाही. 'गुरुवारी संध्याकाळी पोळीभाजी आणते, मुलाची शिकवणीही बघते' असं म्हणा आणि गुरुवारी जा.

कागदांना मदत लागतेच. एक वही करा: सैन्य क्रमांक, युनिट, शेवटच्या फोनची किंवा पत्राची तारीख. युनिट, रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, कुणाशीही बोलणं झालं की तारीख, वेळ, समोरच्याचं नाव आणि हुद्दा लगेच टिपायचा. सहा महिन्यांनी कोण काय म्हणालं हे आठवत नाही, तिथेच कामं अडतात. मूळ पत्र हातातून सोडायचं नाही, प्रती द्यायच्या. सोबत जा, पण तिच्या वतीने उत्तरं देऊ नका.

सगळ्यात जास्त दुखावतं ते चैत्रातलं हळदीकुंकू. 'तिला कसं वाटेल' म्हणून बोलावणंच जात नाही, म्हणजे तिच्याबद्दलचा निकाल आपणच लावून टाकला. बोलावणं जायलाच हवं, घरी जाऊन. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. आली तर कुंकू लावताना हात अडखळू देऊ नका, गळ्याकडे बघू नका.

सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो. बारा वर्षांनी पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यविधी, करायची जुनी रीत आहे. दोन्ही विषय बाहेरच्याने काढू नयेत. मृत्यू गृहीत धरण्याच्या अर्जावर सही करताना बायकोला आपणच त्याला मारतोय असं वाटतं.

आणि मुलांसमोर 'बाबा फार छान गायचे' म्हणू नका. 'गातात' म्हणा. मुलं क्रियापद ऐकतात.