इंजेक्शनाने डोळ्यातला दाह वाढतो, हे खरे नाही

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलेल्यांच्या घरोघरी सध्या एक संदेश फिरतो आहे. ही सूज मुळात दाहाची आहे, डोळ्यातली इंजेक्शने हा दाह आणखी वाढवतात, डोळ्याच्या आतल्या पाण्याची तपासणी केल्यास ते सिद्ध होते आणि म्हणून इंजेक्शने थांबवून हळदीचे दूध घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. त्यात थोडे सत्य मिसळलेले असल्यामुळेच मला त्याची अधिक काळजी वाटते.

दाहाचा सहभाग आहे, हे मान्यच करायला हवे. अशा रुग्णांच्या डोळ्यातील द्रवात इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि एमसीपी-१ ही दाहदर्शक द्रव्ये वाढलेली आढळतात. पण त्याच द्रवात व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिनही वाढलेले असते आणि डोळ्यातली नेहमीची इंजेक्शने त्यालाच रोखतात. व्हीईजीएफ सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर सैल करते, त्यातून द्रव पाझरतो आणि ओसीटीच्या (पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीच्या) चित्रात पडद्याच्या थरांमध्ये काळ्या पोकळ्या दिसू लागतात. शिवाय पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवण्यातही व्हीईजीएफचा हात असतो. त्यामुळे ‘दाह की व्हीईजीएफ’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

इंजेक्शनाने दाह वाढतो, या दाव्याचा आधार तपासू. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेव्हॅसिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनानंतर फक्त व्हीईजीएफ घटले, तर ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडनंतर इंटरल्युकिन-६ आणि एमसीपी-१ देखील घटले. एखादे द्रव्य कमी न होणे म्हणजे ते वाढणे नव्हे; संदेशात नेमकी हीच गल्लत झाली आहे. काही छोट्या अभ्यासांत इंटरल्युकिन-८ वाढलेले दिसले, हे खरे. पण तेवढ्यावरून रुग्णाची नजर बिघडते, असे ठरत नाही.

मग सर्वांना स्टेरॉइडच का देऊ नये? याचे उत्तर अमेरिकेतील ‘प्रोटोकॉल यू’ या चाचणीत मिळते. अनेक इंजेक्शनांनंतरही सूज न हटलेल्या 129 डोळ्यांपैकी काहींना रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधासोबत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे डोळ्यात बसवायचे रोपण देण्यात आले, तर उरलेल्यांना फक्त रॅनिबिझुमॅब. 24 आठवड्यांनी जोडउपचार घेतलेल्यांच्या पडद्याची जाडी सरासरी 110 मायक्रॉनने, तर दुसऱ्या गटाची 62 मायक्रॉनने उतरली होती. नजर तपासण्याच्या अक्षरांच्या तक्त्यावर मात्र पहिल्या गटाला सरासरी 2.7 अक्षरे अधिक वाचता आली आणि दुसऱ्याला 3.0, म्हणजे नजरेत फरक पडलाच नाही. उलट जोडउपचाराच्या गटात 29 टक्के डोळ्यांत दाब वाढला किंवा दाब कमी करणारे थेंब सुरू करावे लागले. स्टेरॉइडने मोतीबिंदू वाढू शकतो, म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात त्याचा विचार अधिक मोकळेपणाने होतो, पण तो निर्णय डोळा तपासूनच घ्यायचा असतो.

पाण्याच्या तपासणीचा आग्रहही गैरसमजातून येतो. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सुमारे पाव मिलिलिटर पाणी असते आणि त्यातला एखादा थेंब बारीक सुईने काढावा लागतो. संशोधनात हे केले जाते, परंतु रोजच्या उपचारासाठी कोणत्या आकड्याला औषध बदलायचे, याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. उपचाराची दिशा ओसीटी आणि अक्षरांच्या तक्त्यावरूनच ठरते.

जेवणातल्या हळदीने ही सूज उतरते, याला भरवशाचा पुरावा नाही. ठरलेली इंजेक्शने मनाने थांबवली, तर सूज परत येऊ शकते आणि ती फार काळ राहिली, तर गेलेली नजर नंतरच्या उपचारानेही पूर्ण परतेलच असे नाही. दाहाची भीती बाळगायचीच असेल, तर ती जंतुसंसर्गाची बाळगावी: इंजेक्शनानंतर काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर एकाएकी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना डोळा दाखवावा.