टॉवरने काजूचा पराग मरत नाही

खानापूर तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मोबाईल टॉवरच्या किरणांनी पराग मरतो, म्हणून काजूला बी धरत नाही. हे चूक आहे. किरणांनी पराग बिघडतो हे खरं, पण ते गॅमा किंवा क्ष-किरण. टॉवरच्या रेडिओलहरींत डीएनए तोडण्याएवढी ऊर्जाच नसते.

आणि गॅमालाही पराग सहजी दबत नाही. माणसाच्या अंगावर एकदम ५ ग्रे (ग्रे म्हणजे अंगात शोषलेल्या किरणांचं माप) मात्रा पडली तर जिवावर बेततं. खरबुजाचा पराग २०० ते ३०० ग्रे खाऊनही रुजतो, नळी काढतो, बीजांडापर्यंत पोचतो. नळी वाढायला पेशी विभागावी लागत नाही ना! बिघडलेलं असतं आतलं नर केंद्रक, त्यामुळे फलन नीट होत नाही. म्हणजे रुजणारा पराग कामाचा असेलच असं नाही. पैदासकार याच युक्तीने एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपं मिळवतात.

मग आपला मोहोर का जातो? ढगाळ हवा, अवकाळी पाऊस, ढेकण्या (मोहोराचा रस शोषणारी कीड). मोहोर करपलेला दिसला की आधी ढेकण्या शोधा, टॉवर पाडायला मग सवडीने जाऊ.