नावात समाजवाद होता, म्हणून नाझी समाजवादी?

‘नाझी पक्षाच्या नावातच समाजवाद, मुसोलिनी मूळचा समाजवादी आणि दोघांनीही अर्थव्यवस्था सरकारच्या मुठीत आणली, मग फॅसिझम हा समाजवादाचाच अवतार नाही का?’ असा संदेश सतत फिरत असतो.

नावाचं चटकन उरकू. नाझी पक्षाचं पूर्ण नाव ‘राष्ट्रीय समाजवादी जर्मन कामगार पक्ष’, पण नाव आणि वागणं वेगळं. १९२० च्या नाझी जाहीरनाम्यात भरपाईशिवाय जमीन काढून घेण्याचं कलम होतं (सतरावं). जमीनदार बिथरल्यावर १९२८ मध्ये हिटलरने खुलासा केला: पक्ष खासगी मालमत्ता मानतो, रोख फक्त ज्यूंच्या जमीन-कंपन्यांवर आहे.

मुसोलिनी समाजवादी मुखपत्राचा संपादक होता, हे खरंच. पण युद्धात उतरण्याची भलामण केली म्हणून नोव्हेंबर १९१४ मध्ये पक्षाने त्याला हाकललं. पुढे त्याच्या काळ्या डगल्यांच्या टोळ्यांनी जाळल्या त्या समाजवाद्यांच्याच कचेऱ्या आणि सहकारी संस्था. पो नदीच्या खोऱ्यातले बडे जमीनदार त्यांना पैसा पुरवत होते. जर्मनीत मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ९४ मतं पडली. ती सगळी सोशल डेमोक्रॅट खासदारांची. कम्युनिस्टांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं.

खरा वाद अर्थकारणाचा. तिथे ‘सरकारचं नियंत्रण’ एवढंच पाहून भागत नाही. मालकी कोणाची, नफा कोणाचा आणि कामगाराच्या हातात काय, हे विचारावं लागतं. मंदीत सरकारकडे आलेले मोठ्या बँकांचे आणि पोलाद उद्योगाचे शेअर नाझींनी १९३६-३७ च्या सुमारास खासगी हातांत परत दिले. २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. जानेवारी १९३४ च्या श्रम कायद्याने कारखानदार ‘नेता’ झाला, कामगार त्याचे ‘अनुयायी’. मजुरी ठरवणार सरकारी विश्वस्त, आणि संपाचं तर नावच नको.

नियंत्रण होतं, कडकही होतं. १९३६ नंतर कच्च्या मालाचा कोटा, किमती, गुंतवणुकीची दिशा, सगळं युद्धतयारीच्या हिशोबाने ठरे. लाभांश साधारण ६ टक्क्यांवर गेला तर वरची रक्कम सरकारी रोख्यांत. तरी ते रोखे भागधारकांच्याच नावावर राहत. ज्यू मालकांना मात्र पद्धतशीर लुबाडलं. त्यांचे धंदे बहुतांशी इतर खासगी मालकांच्या घशात गेले. याउलट सोव्हिएत संघात १९३२ पर्यंत खासगी कारखानदार जवळपास उरलाच नव्हता.

‘मग इटलीतली आयआरआय (औद्योगिक पुनर्रचना संस्था)?’ हा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार. १९३३ च्या या सरकारी संस्थेकडे बँका आणि उद्योगांचे प्रचंड शेअर आले. पण ते बुडत्या बँकांना वाचवताना. तोटा सरकारी तिजोरीने उचलला.

एकपक्षीय राजवट, गुप्त पोलीस, छळछावण्या हे साम्य स्टालिनच्या रशियाशी निश्चित आहे, ते झाकायचं कारण नाही. पण ते हुकूमशाहीचं साम्य आहे, समाजवादाचं नाही. समाजवादी धोरण हुकूमशाहीशिवायही राबवता येतं. ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९४७ मध्ये कोळसा खाणी मालकांना भरपाई देऊन सरकारी केल्या. १९५१ मध्ये निवडणूक हरल्यावर तो पक्ष पायउतार झाला आणि चर्चिलच्या सरकारनेही त्या खाणी सरकारीच ठेवल्या.