पन्नास वर्षांची आरडी मोटरसायकल परदेशातून आणायला परवानगी दिलीत, आता चालवूही द्या

माझ्या मामाकडे साताऱ्याला राजदूत ३५० होती. खंबाटकी उतरताना मामा गिअर पाडत पाडत यायचा कारण ब्रेकवर भरवसाच नव्हता. खूप नंतर कळलं की गाडी मुळात तशी नव्हतीच. यामाहाची मूळ आरडी ३५० आली १९७३ ला, पुढे डिस्क ब्रेक, ३९ हॉर्सपॉवर. आपल्याकडे १९८३ ला राजदूत म्हणून आली तेव्हा पुढचा डिस्क जाऊन ड्रम आलेला, आणि पॉवर हाय टॉर्क या जास्त ताकदीच्या प्रकारातसुद्धा साडेतीसच्या आसपास. तरी आपण तिच्यावर जीव टाकला. ती डिस्कवाली आरडी आपल्या रस्त्यावर यावी असं मला तेव्हापासून वाटतं.

इतकी वर्षं ते शक्यच नव्हतं. हौसेसाठी जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती १ जानेवारी १९५० च्या आधीची हवी असा नियम. म्हणजे जुनी ब्रिटिश बीएसए, नॉर्टन चालेल, पण १९६९ ची होंडा सीबी ७५० नाही, कावासाकीची तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक नाही, मोटरसायकलचा सगळ्यात भारी काळ आपल्यासाठी बंद. २०२५ मध्ये ते बदललं, आता पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येते आणि दरवर्षी एकेक मॉडेल वर्ष त्यात येत जातं. मी त्या दिवशी मामाला फोन केला, तो नुसता हसत होता.

पण मित्रांनो, घाई करू नका. मागच्या वर्षी मी एका परदेशी विक्रेत्याच्या गाडीसाठी पैसे भरायच्या बेतात होतो, फोटोत गाडी आरशासारखी, आणि चेसिस नंबरचा जवळून फोटो मागितला तर आकडे वाकडेतिकडे, एक खोल एक उथळ, उघड उघड पुन्हा ठोकलेले. तिथेच सोडली. आधी नंबर बघा, स्टिअरिंगच्या मानेवरचा आणि इंजिनवरचा, आणि ते तिथल्या कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतात का ते बघा. रंग, क्रोम, सीट सगळं नंतर होतं. ब्रिटिश गाडी घेत असाल तर त्या कंपनीच्या क्लबकडून गाडी कुठल्या सालची याचा दाखला मिळतो, तो मागाच. गाडी ज्या पेटीतून येते तिच्या लाकडावर उष्णता देऊन कीडमुक्त केल्याचा शिक्का हवा, नाहीतर न्हावा शेवा बंदरात गाडी अडकते आणि भाडं चढत राहतं. आणि आयात ड्युटी फक्त गाडीच्या किमतीवर नसते, जहाजाचं भाडं आणि इन्शुरन्स धरून लागते, त्यावर परत जीएसटी, तेव्हा हिशोब आधी कस्टममधून गाडी सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या.

आता माझं खरं दुखणं. एवढं करून गाडी आली की व्हिंटेज म्हणून रजिस्टर करायची, फी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए अक्षरं. आणि चालवायची कधी? प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला. रविवारी सकाळी वाईला जाऊन चहा पिऊन यायचं तर नाही. हे मला अजिबात पटत नाही. ज्यांनी टू-स्ट्रोक सांभाळलीय त्यांना विचारा, उभी गाडी मरते. क्रँकचे सील कडक होतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट तुंबतात, टाकी आतून गंजते, त्यात आताचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला खातं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रोड टॅक्स माफ, मूळ स्थितीत असेल तर वार्षिक तपासणीही माफ, आणि लोक ती बाजारातसुद्धा नेतात. आपल्याकडे अशा गाड्या असून असणार किती, आणि एकेक गाडी वर्षाला किती किलोमीटर चालणार? पाहिजे तर किलोमीटरची मर्यादा घाला, वर्षाला हजार म्हणा, पण रस्त्यावर येऊ द्या. पोरांना तो आवाज प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दोरीपलीकडून कसा कळणार, गाडी बंदच असते तिथे!

सध्या एक १९७४ ची आरडी बघतोय, टाकीला डेंट आहे, रंग मूळचा आहे, मला तशीच हवी. मानेवरचा नंबर पुसून, खडू फिरवून उजेडात फोटो काढा असं विक्रेत्याला कळवलंय. आला की इथेच टाकतो, आरडीवाल्यांनी जरा नीट बघून सांगा.