काकांनी छान माहिती दिली

पाहुणे काल रात्रीच्या विमानाने गेले. विमानतळावरून घरी येऊन वहिनींचं स्टेटस पाहिलं. बावीस फोटो. एकातही मी नाही, कारण ते मीच काढलेत. एकात माझं कोपर आहे, तेवढा त्यांच्या चिरंजीवांनी काढलेला. सगळ्यात झकास फोटोखाली लिहिलंय, ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स. काकांनी खूप छान माहिती दिली!’

चिरंजीव मला काकाच म्हणतात, त्यामुळे हे माझं कौतुक आहे असा कुणाचाही समज होईल. बायकोचा झाला. पण ते काका वेगळे.

मी मेलबर्नला चौदा वर्षं राहतोय. ‘तुमच्याकडे नाताळात उन्हाळा ना, मस्तच!’ असं म्हणत दर डिसेंबरला कुणीतरी येतंच. या खेपेला हॉस्टेलमधला जुना पार्टनर, वहिनी आणि अकरा वर्षांचे चिरंजीव. वहिनींनी नाताळ म्हणून तिघांना हरणांची नक्षी असलेले लाल लोकरी स्वेटर आणले होते. आम्ही निघालो त्या दिवशी पारा 38. तरी फोटोसाठी बर्फ कुठे मिळेल, असं त्यांनी विचारलंच. मी म्हणालो, “पेट्रोल पंपावर. पाच किलोची पिशवी.” हा विनोद मी दरवर्षी करतो आणि तो चालतो. यंदा मित्राने खरोखरच पिशवी घ्यायला लावली (पैसे मीच दिले) आणि डिकीत ठेवली. डिकीचा गालिचा अजून वाळतोय.

ग्रेट ओशन रोड या समुद्राकाठच्या रस्त्यासाठी माझं एक भाषण तयार असतं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 अशी तेरा वर्षं कुदळ-फावड्याने हा रस्ता खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. हे सांगताना मी समुद्राकडे बघून आवाज जरा खाली आणतो. या वेळी आवाज खाली आणला आणि मागून घोरणं ऐकू आलं. मित्र पुढे बसून, डोळे मिटून म्हणाला, “आपल्या श्रीवर्धन-दिवेआगर रस्त्यासारखंच आहे रे.” पुढे लॉर्नच्या वळणांवर चिरंजीवांना उलटी झाली. तीही माझ्या ताज्या कोऱ्या इस्कीत, म्हणजे इकडच्या आइसबॉक्समध्ये.

तर असे आम्ही ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या, म्हणजे ‘बारा शिष्यां’च्या कठड्याशी पोहोचलो. समोर समुद्रात उभे पिवळे सुळके, वारा, आणि माशा. इथल्या माशा चावत नाहीत, फक्त तोंडात शिरतात. चिरंजीवांनी दोनदा मोजून जाहीर केलं, “सातच आहेत.” मित्राने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाकीचे पाच मी विकून खाल्लेत.

“अरे, त्याचं असं आहे की...” मी तोंड उघडलं आणि माशी आत गेली.

“पुणे का?” शेजारून आवाज आला.

फुल स्वेटर, माकडटोपी, स्पोर्ट्स शूज आणि हातात लांब दांड्याची छत्री असे एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. पुण्यात कुठे, कोथरूडला कुठे, आमचे व्याही तिथेच, हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकून ते माझ्याकडे वळले.

“आणि तुम्ही? यांच्याबरोबरच आलात?”

“नाही, मी मेलबर्नलाच असतो. चौदा वर्षं झाली.”

“अस्सं. मग तुम्हाला माहीत नसेल,” ते म्हणाले. “इथे राहणाऱ्यांना काही माहीत नसतं. आमच्या जावईबापूंनाही नाही. मला येऊन पाच आठवडे झाले. इथली ही चौथी खेप.”

आणि छत्रीचं टोक समुद्राकडे रोखून ते सुरू झाले. दोन्ही बाजू धरून आठ आहेत. मुळात होतेच नऊ, त्यातला एक 2005च्या जुलैमध्ये कोसळला. हा चुनखडक, लाटा पायथा खातात, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. पूर्वी यांना डुकरीण आणि पिल्लं म्हणायचे. आता डुकरीण बघायला इतक्या लांब कोण येणार, म्हणून येशूचे शिष्य केले. पुढे लंडन ब्रिज नावाचा खडक आहे, त्याची कमान 1990च्या जानेवारीत पडली आणि टोकाला दोघं अडकली, त्यांना हेलिकॉप्टरने उचलून आणावं लागलं.

“अगं बाई!” वहिनी म्हणाल्या. मला आठ दिवसांत त्या एकदाही ‘अगं बाई’ म्हणाल्या नव्हत्या.

“वेळेवर पायथ्याला सिमेंटचं ग्राउटिंग केलं असतं तर एकही पडला नसता,” काका म्हणाले. “आमच्या खात्याकडे काम दिलं असतं तर आज बाराच्या बारा उभे असते.”

“पण आजोबा, होतेच ना नऊ?” चिरंजीव.

“बाळा, अंदाजपत्रकात बाराच दाखवावे लागतात.”

तिघंही पोट धरून हसले. हसू मलाही आलं, पण मी ते दाबलं. यातली ग्राउटिंग सोडून प्रत्येक गोष्ट मला ठाऊक होती. मी सांगणारच होतो! पण मी बोलायला गेलो की माशी यायची, आणि काकांना मात्र एक माशी शिवत नव्हती. पाऊण तास मी तिथे ड्रायव्हर म्हणून उभा होतो. शेवटी काकांनी मलाच फोन दिला. “आमचा चौघांचा एक काढता का?”

मला राग काकांचा नाही. वर्षाला वीस दिवस हक्काची रजा, त्यातले सहा दर डिसेंबरला या कठड्याशी आणि आसपास जातात. आणि मी पुण्याला येतो तेव्हा हाच मित्र म्हणतो, “ट्रॅफिक फार आहे रे, तूच ये इकडे.” मी हडपसरहून कोथरूडला जातो, चहा पितो, परत येतो. मला सिंहगड दाखवायला कुणी सुट्टी काढल्याचं आठवत नाही. असो. तो लेख वेगळा.

दोन दिवसांनी फिलिप आयलंडला पेंग्विन. “डिसेंबर आहे, स्वेटर कशाला?” मी म्हणालो, आणि टीशर्टवर निघालो. मित्र म्हणाला, “थांब, काकांना विचारतो.” नंबर घेऊन ठेवला होता. काका म्हणाले, पेंग्विन अंधार पडल्यावर येतात, म्हणजे नऊ वाजणार, पायऱ्या सिमेंटच्या, वारा थेट दक्षिणेचा, आणि फोटो काढू देत नाहीत. लोकरीचं घ्या.

साडेनऊला, फूटभर उंचीचे ते प्राणी किनाऱ्यावरून तुरुतुरु घरी चालले होते, तेव्हा तीन हरणांचे स्वेटर ऐटीत बसले होते आणि चौथा माणूस दात वाजवत होता. वहिनींनी पर्समधून जादाची माकडटोपी काढून दिली. मी घातली. फोटोला बंदी होती, हे एक बरं झालं.

काल विमानतळावर टोपी परत करायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, “राहू दे भावजी, तुम्हाला लागेल. काका म्हणत होते, इकडे जूनमध्ये फार थंडी पडते.”